रोज किती लिहू द्यायचं? आमच्या घरातलं बारा अक्षरांचं माप

नात साडेसहा वर्षांची असताना एका सकाळी तिच्या वहीचं पान मी खिडकीपाशी उजेडात धरलं. पहिल्या ओळीतला 'म' कसा बसलेला होता: गाठ गोल, दांडा सरळ. दुसऱ्या ओळीतही बरा. तिसऱ्या ओळीच्या मध्यापासून गाठ सुटायला लागली, शिरोरेखा कौलारू छपरासारखी उतरती झाली, आणि शेवटच्या ओळीत जे काही होतं ते 'म' की 'भ' हे तिलाही सांगता आलं नसतं. पान उलटवलं तर मागे पेन्सिलीचे वळ. साठ वेळा 'म' काढायला मीच सांगितलं होतं.

"हात दुखत होता तर बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तू म्हणाली असतीस, नाटकं."

म्हणालेच असते. एकतीस वर्षं मी सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत हेच म्हणत आले. निवृत्त झाल्यावर मुलाकडे पुण्यात धायरीला आले, आणि इथे मुलाने-सुनेने ठरवलेलं, की पोरीला शाळेत न घालता घरीच शिकवायचं. ते माझ्या पचनी पडायला वर्ष गेलं, पण तो विषय वेगळा. दोघंही नोकरीवाले, त्यामुळे अक्षराचं खातं माझ्याकडे आलं. घरी शिकवणाऱ्या बऱ्याच आया मला एकच प्रश्न विचारतात: रोज किती लिहून घ्यायचं? जास्त झालं तर मूल कंटाळतं, कमी झालं तर मागे पडेल ही धास्ती. मी जे करते ते सांगते. मूल पाच ते आठ वर्षांचं असेल तर उपयोगी पडेल. त्याहून मोठ्या मुलांचं गणित वेगळं आहे.

आधी एक कबुली. शाळेत आम्ही इतकं लिहायला का लावायचो? माझी शाळा द्विशिक्षकी होती, चार वर्ग आणि आम्ही दोघं. तिसरी-चौथीला भागाकार समजावताना पहिली-दुसरीला गप्प कसं बसवणार? "बाराखडी काढा. झाली? पुन्हा काढा." शिवाय साहेब तपासणीला आले की वह्या बघायचे. भरलेली वही म्हणजे शिकवलेलं मूल. त्या लिखाणातलं निम्मं मुलांसाठी नव्हतंच, ते आमच्या सोयीसाठी होतं. घरी एकच मूल समोर आहे, साहेब यायचे नाहीत, आणि त्याला काय येतं ते विचारलं की लगेच कळतं. तरीही आपण शाळेचंच माप घरी आणतो, कारण दुसरं माप आपण पाहिलेलंच नसतं.

तर आपल्या मुलाचं माप कसं काढायचं?

पाच दिवस काहीही न बदलता मुलाला नेहमीसारखं लिहू द्या. तुम्ही शेजारी भाजी निवडत बसा, पण डोळा कागदावर ठेवा. अक्षर कुठे बिघडायला लागतं ते मनात मोजा आणि मूल उठून गेल्यावर तिथे बारीक ठिपका द्या. त्याच्यादेखत देऊ नका, त्याला वाटेल चूक काढली. आता बिघडलं म्हणजे काय? अक्षर ओळ सोडून वर चढायला लागतं. अक्षरांमधली जागा कधी चिकटते, कधी फाकते. पेन्सिलीचा दाब वाढतो, रेघ काळीकुट्ट होते. कागद धरणारा डावा हात सुटून गालाखाली जातो, मान वहीवर झुकते. आमच्या नातीचं एक खास लक्षण आहे. दमली की उजव्या पायाचा अंगठा चटईत खुपसते. तो खुपसला की पुढची दोन अक्षरं वाकडी आलीच म्हणून समजा. तुमच्या मुलाचंही असं काहीतरी असेल, शोधा.

आमचे पाच दिवसांचे आकडे असे आले: एकोणीस, चौदा, बावीस, सोळा, सतरा. सरासरी काढू नका. सगळ्यात लहान आकडा घ्या आणि त्यातून दोन वजा करा. चौदातून दोन गेले, उरले बारा. दुसऱ्या दिवसापासून आमची बारा अक्षरं ठरली. बारावं अक्षर झालं की पेन्सिल खाली, ओळ अर्धी राहिली तरी. साठावरून बारावर येताना माझ्या पोटात गोळा आला होता, खोटं कशाला सांगू. पण आठवडाभरात एक दिसलं. ती बाराच्या बारा अक्षरं नीट काढत होती. पूर्वी साठातली पंचेचाळीस वाकडी काढायची, म्हणजे रोज पंचेचाळीस वेळा वाकड्या अक्षराचाच सराव चालला होता.

इथे एक गंमत आहे. सगळी अक्षरं सारख्या वजनाची नसतात. 'ट' म्हणजे एक दांडी, एक अर्धगोल आणि वरची रेघ. 'क्ष' काढताना हाताला चार ठिकाणी वळावं लागतं. 'श्री' तर लहान मुलाला अख्खं चित्रच. म्हणून 'घर' आणि 'स्वातंत्र्य' हे दोन्ही एकेक शब्द म्हणून मोजणं म्हणजे शेंगदाणा आणि नारळ नगावर मोजण्यासारखं आहे. मी साधं अक्षर एक धरते, काना-मात्रा-वेलांटी-उकार लागला तर दीड आणि जोडाक्षर तीन. 'आजी' म्हणजे अडीच. हा हिशोब नातीला इतका आवडला की त्यातून तिची दीडकी-अडीचकीच्या पाढ्यांशी तोंडओळखही झाली.

आता हात एवढ्या लवकर का दमतो? माझा भाचा हाडांचा डॉक्टर आहे. त्याने एकदा मोठ्या माणसाच्या आणि चार-पाच वर्षांच्या मुलाच्या हाताचा एक्स-रे शेजारी शेजारी लावून दाखवला. मनगटात आठ बारकी हाडं असतात. मुलाच्या चित्रात त्यातली काही दिसतच नव्हती, नुसती मोकळी जागा. तिथे काही नसतं असं नाही, कूर्चा, म्हणजे हाडाआधीचा मऊ भाग असतो, तिचं हाड व्हायचं असतं. एक्स-रेत ती उमटत नाही. शेवटचं, वाटाण्याएवढं हाड तयार व्हायला वयाची आठ ते बारा वर्षं उजाडतात. मी ते चित्र बघून आले आणि रात्री मला माझ्या पहिल्या वर्गातली किती पोरं आठवली, काय सांगू.

सरकारही आता हेच म्हणतं. केंद्राच्या २०२०च्या दप्तर धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठ देऊच नये आणि तिसरी ते पाचवीला आठवड्याला फार तर दोन तास, असं लिहिलंय. नातेवाईक "अगं, वही कुठंय हिची?" म्हणायला लागले की मी हे वाक्य पुढे करते. सरकारी कागदाचा एवढा उपयोग मला नोकरीतही झाला नव्हता.

बारा अक्षरं ठरली की लोक दुसरी चूक करतात. मराठीची बारा, मग गणिताची उदाहरणं, मग इंग्रजीची चाररेघी, मग परिसराच्या पुस्तकात गाळलेल्या जागा. प्रत्येक विषयाचं 'थोडंसंच'. पण हात एकच आहे, विषयागणिक नवा मिळत नाही. माझ्या मुलाचा इंग्रजीचा हट्ट होता. मी म्हटलं, हरकत नाही, पण डबा एकच. त्या डब्यात जे काही पेन्सिलीने लिहायचं ते सगळं मावलं पाहिजे. सोमवार, बुधवार, शुक्रवार मराठी. मंगळवार, गुरुवार इंग्रजी. शनिवारी ती म्हणेल ते. दोन्ही लिप्या एकाच बैठकीत नकोत. आमच्याकडे त्या नादात 'बी' आणि 'डी' च्या डोक्यावर शिरोरेखा आल्या होत्या.

गणितातलं लिखाण तर मी जवळजवळ बंदच केलं. पाढे तोंडी, जिना चढता-उतरता. बेरीज-वजाबाकी चिंचोक्यांवर. उदाहरण मांडायचं झालं तर मी पाटीवर मांडते, ती उत्तराचा आकडा काढते. सात आणि आठ किती हे येण्यासाठी '७ + ८ =' सुबक लिहिता येण्याची गरज नाही. ज्या मुलाचं डोकं हाताच्या पुढे धावतं, त्याला सगळं लिहायला लावलं तर ते 'मला गणित आवडत नाही' म्हणायला लागतं. न आवडणारं असतं ते लिहिणं, गणित बिचारं मधल्या मधे बदनाम होतं.

हेच गोष्टींचं. मुलाला स्वतःच्या मनातलं मांडायला शिकवणं आणि अक्षर वळवायला शिकवणं ही दोन वेगळी कामं आहेत. ती एकत्र केली की दोन्ही बिघडतात. अकरा वाजता आमचा दुसरा कार्यक्रम असतो: ती सांगते, मी लिहिते. परवा तिने समोरच्या बिल्डिंगच्या गच्चीवरच्या कावळ्याची गोष्ट सांगितली, तो कावळा पाव आणून पाण्याच्या टाकीवरच्या डबक्यात भिजवून खातो. माझी वहीची दीड पानं भरली. मी तिच्याच शब्दांत लिहिते, 'मग आहे ना' सकट. मग वाचून दाखवते. ती दुरुस्त करते, "असं नाही, आधी पाव आणला." तिला कळत नाही, पण हे निबंधलेखनच चाललंय. आणि दुसऱ्या दिवशीच्या बारा अक्षरांसाठी त्यातलंच एक वाक्य तिने निवडायचं: 'तो पाव भिजवतो.' स्वतःचं वाक्य गिरवताना जे लक्ष लागतं ते 'कमल नमन कर' गिरवताना लागत नाही.

पाच वर्षांच्या आतल्या मुलाला वही-पेन्सिल देऊच नका असं माझं मत आहे. ताटात रवा पसरा आणि बोटाने काढू द्या. अंगणात किंवा गच्चीत खडूने हातभर मोठं अक्षर काढू द्या. मोठं अक्षर खांद्यातून निघतं, मग कोपरातून, मग मनगटातून, बोटांची पाळी सगळ्यात शेवटी. इटलीच्या बालशिक्षणतज्ज्ञ मॉन्तेसोरीबाई मुलांना खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोट फिरवायला लावायच्या तेही यासाठीच, की हाताला अक्षराची वाट आधी कळावी, पेन्सिलीचं ओझं नंतर. त्या बाई १९३९ साली भारतात आल्या आणि युद्धामुळे इथेच अडकल्या. आपल्याकडे बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांनी आणि अनुताई वाघांनी हेच आताच्या पालघर जिल्ह्यात बोर्डी-कोसबाडला कुडाच्या घरांत, पाला-दगडगोट्यांवर करून दाखवलं. डी.एड.ला मी त्यांच्यावर पाच गुणांची टीप लिहिली होती आणि वर्गात जाऊन नेमकं उलट केलं.

बोटांची ताकद वहीत येत नाही. ती स्वयंपाकघरात आणि देवघरात येते. वाती वळणं, मटार सोलणं, लसणाच्या पाकळ्या सुट्या करणं, ओल्या कपड्यांना चिमटे लावणं, चिमटीतून रांगोळी सोडणं. रांगोळीला तोड नाही. अंगठा आणि दोन बोटांची जी पकड पेन्सिलीला लागते तीच रांगोळीला, आणि रेघ बारीक-जाड करायची ती दाबावर. ठिपक्यांच्या रांगोळीत चौकटी वहीचा सगळा अभ्यास येतो. ज्या दिवशी ती उंबऱ्यापुढे मन लावून रांगोळी काढते, त्या दिवशी मी बारातून सहा वजा करते. हात वापरला गेलाच की.

वहीबद्दल दोन गोष्टी. सुरुवातीला मोठ्या चौकटीची, मग दुरेघी. एकरेघीची घाई नको. पेन्सिल लहान द्या, बोटाएवढी. लांब पेन्सिल मुठीत धरता येते, तुकडा धरायला तीन बोटंच लागतात. पाय लोंबकळत असतील तर खाली पालथा डबा ठेवा, पाय टेकले की मान आपोआप सरळ होते. आणि इंटरनेटवरून कित्ता छापून घेत असाल तर 'ल' आणि 'श' नीट बघा. बऱ्याच छापील पानांवर हिंदी वळणाचे असतात. आपला 'ल' पाकळीचा, 'श' देठाचा. एकदा हाताला दुसरं वळण लागलं की सोडवायला दुप्पट मेहनत.

अक्षरांचा क्रम 'क ख ग घ' असा घेऊ नका. तो क्रम जिभेचा आहे, हाताचा नाही. हाताला एकसारखी वळणं एकत्र लागतात: ग, म, भ, न. मग व, ब, क. मग र, स, ख. मग प, ष, फ. 'व' आला की 'ब' म्हणजे फक्त पोटातली एक तिरकी रेघ. शिरोरेखा प्रत्येक अक्षराला नको, शब्द पुरा झाला की एकदाच ओढायची. अर्धं श्रम तिथेच वाचतात. ऱ्हस्व वेलांटी आधी काढायची की अक्षर आधी, यावर वाद आहेत. कुठलीही एक रीत धरा आणि घरातल्या सगळ्यांनी तीच सांगा. आमच्याकडे आजोबांची आणि माझी रीत वेगळी निघाली आणि महिनाभर 'कि' ला दोन्हीकडून वेलांट्या होत्या.

चुका किती दाखवायच्या? दिवसाला एक. लाल पेन मी कपाटात ठेवलंय. लिहून झालं की तिनेच त्यातलं सगळ्यात छान अक्षर शोधून त्याला गोल करायचा. मी एकच सांगते, 'उद्या र ची शेपटी बघू.' बाकी अकरा वाकडी असली तरी तोंड बंद. हे मला सगळ्यात अवघड गेलं, अजून जातं.

आता दुसरी बाजू. माझ्या सुनेचं म्हणणं, "अहो आई, तिला वाटेल तेव्हा लिहील, मागे लागायचंच कशाला?" मधे मी गावी गेले होते, तेव्हा दोन महिने त्यांनी तसं करून पाहिलं. पोरीला वाटलंच नाही. परत आले तेव्हा हात इतका आखडला होता की बारा सोडा, सातव्या अक्षराला अंगठा चटईत गेला. सुनेला मी काही बोलले नाही, तिने स्वतःच रोजच्या अक्षरांचे आकडे लिहिलेलं कॅलेंडर बघितलं. थोडंच, पण रोज, यावर आता आमचं एकमत आहे. पुढेमागे मुक्त विद्यालयाची परीक्षा द्यायची झाली तर हाताला कागदाची सवय लागेलच. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाच्या मूलभूत शिक्षणाचे तीन स्तर तिसरी, पाचवी आणि आठवीच्या बरोबरीचे धरतात. त्याची तयारी इतक्या लवकर नको, पण हात पूर्ण मोकळाही सोडू नये.

काही दिवस असे येतात की पेन्सिल भिंतीवर आपटते. ताप येऊन गेलेला असतो, पाहुणे येऊन गेलेले असतात, कधी काहीच कारण नसतं. त्या दिवशी वही काढायची नाही, आणि दुसऱ्या दिवशी कालची भरपाईही नाही. चोवीस अक्षरं म्हणजे शिक्षा झाली. त्याऐवजी कामाचं लिखाण काढायचं. वाण्याची यादी: 'साखर, पोहे, डाळ.' फ्रिजवर बाबाला निरोप: 'दूध आण.' सांगलीच्या आजोबांना पोस्टकार्ड. पोस्टकार्डाचा मोठा गुण म्हणजे जागाच तेवढी, त्यामुळे 'अजून दोन ओळी लिही' म्हणायचा मोह आपल्याला होत नाही. आजोबांचं उलट कार्ड आलं तेव्हा तिने ते उशीखाली घेऊन झोप काढली, आणि सकाळी न सांगता वही उघडली.

वाढवायचं कधी? मी कालनिर्णयच्या चौकटीत रोज दोन आकडे लिहिते: किती अक्षरं झाली, आणि कितव्याला बिघडलं. बिघडलंच नाही तर फुली. ओळीने चौदा फुल्या आल्या की तीन अक्षरं वाढवायची. एकदम पाच-दहा नाही. वाढवल्यावर तीन दिवसांत पुन्हा बिघडायला लागलं तर मुकाट्याने मागच्या आकड्यावर यायचं, मुलाला 'तू घसरलीस' म्हणून सांगायचं नाही, त्याला आकडा माहीत असण्याचीही गरज नाही. आम्ही बारावरून पंधरा, पुन्हा बारा, पंधरा, अठरा असं करत वर्षभरात एकवीसवर आलोय. वेळ सात-आठ मिनिटं. सात वर्षांच्या मुलाला एका बैठकीत दहा मिनिटांवर लिहू देऊ नये, आठ वर्षांच्याला पंधरावर, हा माझा अंदाज. लागलंच तर दुपारी दुसरी छोटी बैठक.

गेल्या आठवड्यात तिने स्वयंपाकघरातल्या डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या. पोहे, साबुदाणा, तूरडाळ आणि 'शेंगदाने'. माझा हात पेनाकडे गेला. त्या दिवसाची एक चूक आधीच दाखवून झाली होती, 'पोहे'च्या मात्रेची. त्यामुळे डब्यावर अजून शेंगदानेच आहेत.